पावकाका झोपलाय

झोप हा भट्टीवाल्याचा एकमेव छंद, असं त्याची ताई चारचौघांत सांगायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. बेकरीत रात्रपाळी करून त्याला तेवीस वर्षं झाली होती. लोक निजायला लागले की हा पीठ मळायला घ्यायचा, लोक दात घासायला लागले की घरी यायचा. साडेसातला चहा आणि टोस्ट, साडेआठला अंथरूण, ते थेट दुपारी चारपर्यंत ढाराढूर. घोरणं असं की जिन्यावरून जाणाऱ्याला कळावं, आज स्वारी घरी आहे.

ताई बाहेरच्या खोलीत पाच पोरं सांभाळायची. आया कामाला जाताना सोडून जायच्या, संध्याकाळी घेऊन जायच्या. दोघं बहीणभाऊ लग्नाच्या भानगडीत पडले नाहीत. आईबाप गेल्यावर तिने याला वाढवलं आणि हा मोठा झाल्यावर लोकांची पोरं वाढवायला घेतली. सात वर्षं घरात रडणं, हसणं, डबे वाजवणं चाललेलं, आणि मधल्या दाराआड हा घोरत पडलेला. पोरांनीच त्याला पावकाका केलं. नवीन पोर आलं की जुनी पोरं ओठांवर बोट ठेवून सांगायची, "पावकाका झोपलाय," आणि पुढच्या मिनिटाला गोंधळ घालायची. काकाला काय त्याचं!

मग त्याला दमा लागला. भट्टीवर आयुष्य काढणाऱ्यांच्या छातीत पीठ कधीतरी हिशेब मागतंच. छातीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, तोंडाला पट्टी बांधून काम करायला सांगितलं आणि आठ आठवड्यांच्या स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या, दर आठवड्याला थोड्या कमी करत जायच्या. चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलं होतं: सकाळी, नाश्त्यानंतर. भट्टीवाला शिस्तीचा माणूस. एक दिवस चुकवलं नाही. टोस्ट खाऊन झाला की आठच्या ठोक्याला गोळ्या, आणि मग अंथरूण.

श्वास मोकळा झाला, पण डोळ्याला डोळा लागेना. अंग दमलेलं आणि डोकं टक्क जागं. खिडकीला घोंगडी लावून झाली, कानात कापसाचे बोळे घालून झाले, गरम दूध झालं, मनातल्या मनात पावांच्या लाद्या मोजून झाल्या. बेकरीत तो दोनदा मिठाचं माप चुकला. गाल फुगले, भूक वाढली, आणि राग तर नाकाच्या शेंड्यावर येऊन बसला. एवढ्यात त्याला कारण सापडलं. मधल्या दारापलीकडे पाच कारणं धिंगाणा घालत होती.

ताई एकदा म्हणाली, "सात वर्षं याच आवाजात झोपलास की रे." एवढंच बोलली बिचारी. हा तिच्या अंगावर असा खेकसला की तिने पुन्हा विषय काढला नाही. तिथेच याने थांबून विचार करायला हवा होता. पण झोप न झालेल्या माणसाला विचार कसला सुचतोय?

गोळ्या सुरू झाल्याच्या पंधराव्या दिवशी पोरांनी रिकाम्या डब्यांचा मनोरा रचला आणि सगळ्यांत धाकटीच्या धक्क्याने तो कोसळला. ही तीन वर्षांची, बोबडी, रोज चार वाजता त्याच्या दारापाशी बिस्किट घेऊन उभी राहणारी. भट्टीवाला दार उघडून बाहेर आला आणि तिच्यावर ओरडला. कसा ओरडला ते त्याला पुढे कितीही म्हटलं तरी विसरता आलं नाही. पोर जागच्या जागी ओली झाली, रडलीसुद्धा नाही.

"हे घर आहे की बाजार?" तो ताईला म्हणाला. "उद्यापासून एकही पोर इथे नको."

ताईने पोरीला उचललं, कपडे बदलले, फरशी पुसली. चार दिवसांत पाचही आयांनी पोरांची दुसरीकडे सोय केली. ताईने डबे धुऊन माळ्यावर टाकले.

आता गंमत बघा. घर मसणासारखं शांत झालं तरी याला झोप नाहीच. शांततेत फ्रिजची घरघर ऐकू यायची, शेजारच्यांचा नळ ऐकू यायचा. पण हे ताईला सांगायचं कुठल्या तोंडाने? चारला उठून तो आळस द्यायचा आणि म्हणायचा, मस्त झोप लागली बघ. तीन आठवडे तो रोज साडेसात तास डोळे मिटून पडून राहिला. बाहेर ताई अनवाणी चालायची, भांडी एकेक करून फडक्यावर ठेवायची, आणि तो आत ते सगळं ऐकत असायचा. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, तरी जीभ उचलेना.

छाती दाखवायला गेला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, झोप कशी आहे. याने सांगितलं, नाहीच. त्यांनी विचारलं, गोळ्या कधी घेता. हा ऐटीत म्हणाला, तुम्ही लिहिल्यात तशाच, सकाळी नाश्त्यानंतर, आठला.

"आणि झोपता किती वाजता?"

"साडेआठला."

बाईंनी पेन खाली ठेवलं. कागदावर कामाच्या रकान्यात नुसतं 'बेकरी' होतं. त्यांना वाटलं होतं, हा दुकानात पाव विकतो. त्यांनी समजावून सांगितलं, या गोळ्या माणसाला जागं ठेवतात, म्हणून दिवस सुरू होताना घ्यायच्या. तुमची सकाळ दुपारी चारला होते. उठल्यावर, पोटात काही घालून घ्या, आणि मनाने बंद मात्र करू नका. विचारायचं राहिलं ही माझी चूक, असंही त्या म्हणाल्या. भट्टीवाल्याला ते ऐकूच आलं नाही. त्याच्या डोळ्यांसमोर ओली फरशी होती.

वेळ बदलल्यावर आठवड्याभरात झोप आली, आणि चांगली आली. उठला तो ओशाळवाण्या तोंडाने, आणि ताईपुढे बसून त्याने सगळं ओकून टाकलं: गोळ्यांचं, पोरांचा काडीचाही दोष नसल्याचं, आणि तीन आठवडे झोपेचं सोंग केल्याचं.

ताई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सोंगाचं माहीत होतं. घोरणं कुठे ऐकू येत होतं?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू आजारी होतास. म्हटलं, पोरांना घालवून निदान पडून तरी राहतोय." मग हातातली भाजी ठेवून म्हणाली, "पण पोरांशिवाय मला घर खायला उठतं रे. ते तुला सांगायला हवं होतं."

तिने हे रडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून भट्टीवाला झोप लांबणीवर टाकून, आया कामाला निघायच्या आत एकेका घरी गेला. चूक माझी होती, ताईची नव्हती, असं पाच दारांत सांगितलं. चौघींनी ऐकून घेतलं, पोरं नव्या जागी रमली आहेत म्हणाल्या, त्यांचंही बरोबरच होतं. धाकटीच्या आईने मात्र बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. आईच्या मागून पोर डोकावली, त्याला बघून पुन्हा मागे सरली. आई म्हणाली, तुमच्यासाठी नाही, ताईंसाठी पाठवते.

ताईने माळ्यावरचे डबे काढले. आता एकच पोर. ती आली, त्या दिवशी भट्टीवाला मुद्दाम जागा राहून टेबलाशी बसला होता. पोरीने त्याला बघितलं, टाचा उचलल्या, ओठांवर बोट ठेवलं आणि भिंतीच्या कडेकडेने स्वयंपाकघरात ताईकडे गेली.

"अगं, मी जागा आहे," तो म्हणाला. "वाजव की डबे."

ती नाही म्हणून मान हलवत राहिली.

महिना होऊन गेला. गोळ्या संपल्या, गाल उतरले, चारला बिस्किट घेऊन दाराशी कुणी येत नाही. ताईने समजावलं, आईने समजावलं, तरी पोर त्या घरात टाचा उचलूनच चालते. भट्टीवाल्याला आता केव्हाही झोप लागते. पण साडेआठला अंथरुणावर पडला की तो मधलं दार अर्धं उघडं ठेवतो आणि पलीकडे एखादा डबा पडेल म्हणून जमेल तितका वेळ जागा राहतो.