सासूबाईंचा तवा आणि विजेची शेगडी

माझ्या नातवंडांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, भाकरी अजून तूच करतेस?" मी हो म्हटलं आणि बोलणं दुसरीकडे वळलं. पण त्या एका 'हो'साठी मी अख्खा महिना खर्च केला आहे. तुमच्या बाबांकडून त्यातलं अर्धंच कळलं असणार. म्हणून सगळं लिहून ठेवते.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी माझ्याकडून गॅसचं बटण अर्धवट उघडं राहिलं. वास मला आला नाही, दूध घेऊन आलेल्या शेजारणीला आला. तिने खिडक्या उघडल्या आणि तुमच्या बाबांना फोन केला. ते पुण्याहून आले, सिलिंडर बाहेर काढला, ओट्यावर इंडक्शन शेगडी ठेवली आणि म्हणाले, "आई, महिनाभराने मी परत येईन. तोवर हिच्यावर तुझा सगळा स्वयंपाक जमला तर राहा इथे. नाहीतर माझ्याबरोबर चल."

मला जायचं नव्हतं. तेव्हा जमवायचं, एवढंच ठरवलं.

शेगडीची माहितीपुस्तिका इंग्रजीत होती. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेली मी, पेन्सिल घेऊन ती दोनदा वाचली. ज्या भांड्याच्या बुडाला चुंबक चिकटेल तेच तापेल, असं त्यात होतं. मी फ्रिजवरचं चुंबक काढलं आणि भांडी जमिनीवर मांडली. पितळी पातेलं बाद, ॲल्युमिनियमचा कुकर बाद. स्टीलची सगळी चालतील असं वाटलं होतं, पण लग्नात आलेल्या जाड डब्यावरून चुंबक सरळ घसरलं आणि आठवड्याच्या बाजारातल्या पातळ पातेल्याला घट्ट बसलं.

कुकर घ्यायला शहाद्याला गेले. दुकानदार म्हणाला, "मावशी, इंडक्शनचाच आहे, खाली लिहिलंय."

"लिहिलेलं मला वाचता येतं. तरी लावून बघते," म्हणत मी पिशवीतून चुंबक काढलं. पहिल्या कुकरला ते चिकटलंच नाही. दुसऱ्याला चिकटलं, तो घेतला.

वरणभात जमला, भाजी जमली. अडली ती कळण्याची भाकरी. ज्वारी-उडदाच्या त्या भाकरीवाचून माझं जेवण होत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. सासूबाईंचा लोखंडी तवा चुंबकाने असा धरला की ओढून काढावं लागलं. मी निश्चिंतपणे पीठ मळलं, भाकरी थापली, तवा ठेवला. शेगडीने नुसतं टींटीं केलं आणि ती बंद पडली.

शेजारीण पाहत होती. "चुंबक ते चिटकस, मंग हाई काब्र रुसनी?" शेगडी का रुसली, ते मलाही कळेना.

मी तवा उचलून उलटा केला तेव्हा डोक्यात उजेड पडला. आपल्याकडचा तवा खोलगट. चुलीवर तो ज्वाळेत बसतो, पण काचेवर त्याचं फक्त मधलं टोक टेकतं. 'सपाट बूड' या शब्दांखाली मी स्वतःच रेघ मारली होती आणि तवा मात्र चाळीस वर्षांच्या सवयीने ठेवला होता.

बाजारात सपाट तवे होते, पण काळ्या नॉनस्टिक लेपाचे. त्यावर भाकरीला पाणी लावून कडा दाबायला माझा हात धजेना. मी सासूबाईंचा तवा पिशवीत घातला आणि म्हसावदच्या लोहाराकडे निघाले.

"आजी, तवा ठोकाले लई चालनात? सासू जिती ऱ्हाती ते तुम्हलेच ठोकती," शेजारीण म्हणाली.

"ठोकू दे. भाकरी तरी होईल."

लोहाराने तवा तापवून बूड ठोकून ठोकून सपाट केलं. मी पट्टी लावून पाहिली, एका बाजूने उजेड दिसला, म्हणून पुन्हा ठोकायला लावलं. तो हसला, पण त्याने केलं.

त्यानंतरचे दहा दिवस भाकऱ्या करपल्या. आच एकदम वाढवली तर मधोमध डाग पडायचा आणि कडा कच्च्या राहायच्या. मग आच कमी ठेवून तवा आधी सावकाश तापू दिला, भाकरी सारखी फिरवली, आणि ज्वाळ नसल्यामुळे कापडाच्या बोळ्याने कडा दाबत राहिले. अकराव्या दिवशी ती फुगली. सकाळी आठला वीज जाते, म्हणून मी सहालाच तवा ठेवते.

महिन्याने तुमचे बाबा आले. मी पान वाढलं. त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरी मागितली. पुण्याचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुरणाचे मांडे ज्यावर करते ते खापर मातीचं, ते या शेगडीवर कधीच तापणार नाही. त्याच्यासाठी परसात चूल ठेवली आहे. पितळी पातेलं फळीवर आहे. सासूबाईंचा तवा ओट्यावर आहे, बूड सपाट झालेला, आणि रोज सकाळी त्यावर माझ्या दोन भाकऱ्या होतात.