अबू हलीफातला रिकामा देव्हारा

अबू हलीफातल्या आमच्या फ्लॅटमध्ये देव्हारा होता, पण त्यात देव नव्हते. इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरलं तेव्हा लेकीला कडेवर घेऊन आम्ही जॉर्डनच्या वाटेने पळालो. वेगळं बिऱ्हाड मांडताना सासूबाईंनी दिलेले देवांचे चांदीचे टाक मागेच राहिले. युद्धानंतर परतलो तर घर धुऊन नेलेलं. नवे देव बसवायला मन धजेना. लोणच्याची बरणीसुद्धा आठवणीने घेतली होती हो मी, आणि देव विसरले! कुठल्या तोंडाने हात जोडणार? नाशिकहून सासूबाई फोनवर विचारायच्या, "देवांना दिवा लावतेस ना गं?" मी म्हणायची, "हो आई." आठ वर्षं मी हे धडधडीत खोटं बोलत आले.

मग ह्यांना ऑफिसने ट्रेनिंगसाठी इंग्लंडला पाठवलं, मीही सोबत गेले. एका रविवारी आम्ही खेड्यातला एक जुना ख्रिस्ती मठ बघायला गेलो. कुठल्याशा राजाने शेकडो वर्षांपूर्वी तो बंद पाडला म्हणे. छप्पर नाही, मूर्ती नाही, नुसते उंच खांब, आणि त्यांच्यामधून हळूहळू सरकणारं धुकं. मला आपण झोपेतच चालतोय असं वाटत होतं. आत शिरताना मी सवयीने बूट-मोजे काढले. हे हसले, "अगं, इथे आहे कोण आता?" गवत ओलं, गारठलेलं होतं. जिथे पूर्वी वेदी होती तिथे एक सपाट दगड उरला होता आणि त्यावर ताजी पिवळी फुलं. ती ठेवणारी म्हातारी शेजारीच तण उपटत होती. मी मोडक्या इंग्रजीत विचारलं, "इथे तर काहीच उरलं नाही. मग फुलं कुणाला?"

तिने माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं. "तुम्ही बूट कुणासाठी काढलेत?"

तिथेच गवतावर बसून मी पोटभर रडले.

कुवेतला परतल्यावर देव्हारा पुसला, रिकाम्या जागेपुढे दिवा लावला आणि नाशिकला फोन करून सगळं कबूल केलं. सासूबाई म्हणाल्या, "वेडी गं वेडी! तुमचा ठावठिकाणा लागत नव्हता, तेव्हा मीच इथून देवांना विनवलं होतं. म्हटलं, देवांनो, तुम्ही तिथे राहिलात तरी चालेल, माझी माणसं तेवढी घरी पाठवा."

नवे टाक मी अजून बसवलेले नाहीत. रोज त्या रिकाम्या जागी फूल ठेवते. आमच्याऐवजी जे मागे राहिले, त्यांना हात जोडते.