यादीवरचा पंजा

मी यादी काढली, की म्हातारी तिच्यावर पंजा ठेवायची. "कागूद ऱ्हाऊ दे गं नर्सबाय. तोंडानं सांग."

कर्जतच्या डोंगराकडच्या एका ठाकूरवाडीत ती सुईण होती. निम्मी वाडी तिच्याच हातावर जन्मलेली. तुमच्याही गावात अशी एक असेल, जिनं मान हलवल्याशिवाय कुणी दंडावरची बाही वर करत नाही.

मुलींसाठी नवी लस आली, गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर टाळणारी. सात नावं लिहून, मुलींना दवाखान्यात न्यायला जीप घेऊन मी सकाळी दहाला पोचले. मुली वेण्या घालून ओट्यावर तयार. म्हातारी आडवी उभी.

"लस म्हंजी जखमंतनं वाहती ती ना? ती घान पोरींच्या अंगात घालनार?"

हसू नका. आपल्याकडे जखमेतल्या पाण्यालाही लसच म्हणतात.

"तशी नाही गं आजी. ही आजार येऊच देत नाही."

"आन् पोरी वांझ झाल्या म्हंजी? तवा तू येशील पाळना हलवायला?"

मागच्या बायका खुसखुसल्या.

"नाही होत वांझ," मी म्हणाले.

"तुझी पोर केवढी गं?"

"चौदाची."

"मंग वाच तिचं नाव."

तिनं कागदावरचा पंजा उचलला. ड्रायव्हर हॉर्न देत होता. मी सातही नावं वाचली. त्यात माझी मुलगी नव्हती. तिची लस टाळायला घरी मी परीक्षेचं निमित्त सांगितलं होतं. खरं म्हणजे नवऱ्याच्या मोबाईलवर आलेला वांझपणाचा तोच मेसेज मीही दोनदा वाचला होता. नर्स असून.

"घरला जावा गं पोरींनो," म्हातारी म्हणाली. जीप रिकामी परत गेली.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला लस दिली. चौथ्या दिवशी तिला घेऊनच वाडी गाठली. म्हातारीनं तिचा दंड चाचपला, कपाळाला हात लावला.

"ताप आला व्हता?"

"नाही आजी. हात दुखला थोडा."

म्हातारीनं तिची बाही खाली ओढली. मग स्वतःच्या नातीला म्हणाली, "चढ गं जीपमदी. पयली तू."

मागोमाग सहा जणी चढल्या. मी दार लावताना म्हातारीनं माझा हात धरला. "हिला लस नको म्हनू. राखन म्हन. गावाच्या येशीवरचा देव करतो ती."

यंदा नवी यादी घेऊन वाडीत गेले. म्हातारी आता नाही. तिच्याच ओट्यावर बायका जमल्या. मी कागद उघडला आणि सवयीनं थांबले.

पंजा आला नाही. मग मीच कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि म्हणाले, "बायांनो, राखण आणलीय."