मेंढरं भरल्यावर थरथरणारी जीप

स्टेअरिंग माझ्या हातात राहीना. सीना नदीच्या पुलाच्या तोंडाशी रस्त्यात लोखंडी सांधा आहे. त्यावरून पुढची चाकं गेली आणि स्टेअरिंग डावीकडे-उजवीकडे आपटायला लागलं. धरावं तर मनगट पिरगळत होतं, सोडावं तर जीप कठड्याकडे जात होती. आरशात कंटेनरचं तोंड, अगदी जवळ. मागच्या हौद्यात मेंढरं एकमेकांवर कोसळत होती आणि त्यांच्यातून महादेवी ओरडत होती, "यव्वा, मेलो गं!" माझ्या शेजारी तिचा नवरा सिद्धाप्पा. दोन्ही पाय त्यानं पुढच्या पत्र्याला लावलेले.

"ब्रेक मारा अक्का! ब्रेक!"

आणि डाव्या बाजूला, जीप आणि कठडा यांच्या मधल्या पट्टीत, मोटरसायकलवर माझा मेकॅनिक रफीक होता.

मी ब्रेक मारला नाही. का मारला नाही ते सांगते, पण आधी ही जीप माझ्या हातात कशी आली ते सांगायला पाहिजे.

सोलापूरहून पुण्याकडे निघालं की बाळे गावाच्या पुढे आमचं गॅरेज आहे. आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, काढलं. ते गेल्यावर मी बंद केलं नाही. शाळा चौथीपर्यंतची, पण जुन्या जीपचं काम करत माझी उभी हयात गेली. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून गाडीखाली रफीक जातो आणि मी वरून विचारते.

सिद्धाप्पा मैंदर्गीचा. मेंढरं पाळतो, विकतो. मेंढरं भरून मोडनिंबच्या बाजाराला जाताना तो आमच्या दारावरूनच जातो. पुलावरच्या त्या प्रसंगाच्या आदल्या दिवशी सकाळी तो जीप घेऊन आत आला तेव्हा हौदा रिकामा होता.

"अक्का, स्टेअरिंग कापतंय," तो म्हणाला. "पन्नासच्या म्होरं गेलं आन् खड्डा लागला की पार हात झाडतंय. गाडी थांबंस्तवर थांबत न्हाय."

हा रोग जुना आहे. ज्या गाडीला पुढे अख्खा एक्सल असतो, म्हणजे दोन्ही चाकं एकाच जाड लोखंडी दांड्यावर असतात, तिला तो होतो. कुठेतरी एक जोड ढिला असतो. एक चाक हललं की दुसरं हलतं, दुसरं पुन्हा पहिल्याला हलवतं. मग ते आपोआप वाढत जातं. पुढची चाकं कोंबडीनं पंख झाडावेत तशी फडफडतात. रोग ओळखणं सोपं आहे. ढिला जोड कुठला, ते शोधणं अवघड.

रफीकनं सगळं बघितलं. टायर बॅलन्स केले. चाकांचे बेअरिंग बघितले. पाट्यांचे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगचे, बुश बघितले. दोन चाकांना जोडणारा जो टाय रॉड असतो त्याचं एक टोक झिजलं होतं, ते बदललं. डॅम्पर, म्हणजे स्टेअरिंगचे हिसके शोषणारी नळी, तीही नवी घातली. मग तो टोलनाक्यापर्यंत जाऊन आला. सत्तरनं पळवली, खड्ड्यात घातली. काही नाही.

"मख्खन है खाला," तो म्हणाला. तो मला खाला म्हणतो, म्हणजे मावशी.

मी सिद्धाप्पाला गाडी दिली. तो गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत परत आला. या वेळी हौदा मेंढरांनी भरलेला आणि मेंढरांच्या मधोमध महादेवी, दोन मेंढरांना दोन काखांत धरून बसलेली. सिद्धाप्पाच्या ओठांवर रंग नव्हता.

"पुन्यांदा आलं," तो म्हणाला. "रिकामी असली तर काय बी हुत न्हाय. मेंढरं घातली की येतंय."

रफीक हसला. "क्या सिद्धाप्पा, बकऱ्यां नाचते क्या अंदर?"

"हसू नगा. परवा ह्याच गाडीतनं लेकीला आणायचंय. मोडनिंबला दिलीया. सातवा सरलाय तिचा, पैलं बाळंतपण हाय."

"किती जण जाणार आणायला?" मी विचारलं.

"घरचे धा-बारा हुतील की. शेजारची बी येत्यात."

मी हसले नाही. दहा-बारा माणसं म्हणजे मेंढरांएवढंच ओझं, आणि त्यात एक पोटुशी पोर. वाटेत हाच पूल.

"आत्ता भरलेली आहे तशीच चालवून बघू," मी म्हणाले. "मी चालवते. रफीक, तू मोटरसायकलवर डाव्या बाजूनं चल आणि चाकाकडे बघ. सिद्धाप्पा, तू शेजारी बस. महादेवी, तू उतर."

"मी उतरले तर ही सगळी उड्या टाकत्यात," महादेवी म्हणाली. "मी कुटं जात न्हाय."

"मरायची हौस आहे का?"

"तुमी हायसा की चालवायला. का तुमाला येत न्हाय?"

 तिला हाताला धरून उतरवायला हवं होतं, पण त्या बाईला हलवायचं म्हणजे आणखी एक मेंढरू हलवण्यासारखं होतं.

तर पुलावर. जोरात ब्रेक मारला असता तर गाडीचं सगळं वजन पुढच्या चाकांवर आलं असतं आणि चाकं आणखी फडफडली असती. शिवाय मागे कंटेनर. म्हणून मी फक्त ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. स्टेअरिंग आवळलं नाही. आवळलं की माणसाचे हातच त्याला जोर देतात. अंगठे बाहेर काढले, कारण आत राहिले तर मोडतात. तळवे नुसते टेकवले आणि वाट बघितली. लिहिताना हे सोपं वाटतं. तेव्हा मला डाव्या काचेतून रफीकचं हेल्मेट दिसत होतं. ते जवळ येत होतं. मग दिसेनासं झालं.

दिसेनासं झालं तेव्हा मला वाटलं, संपलं.

कंटेनर हॉर्न देत उजवीकडून निघून गेला. त्याच्या वाऱ्यानं जीप आणखी हलली. पुलाच्या मध्यावर फडफड कमी झाली, मग एकदम थांबली. मी हळू ब्रेक लावला आणि पूल उतरून कडेला घेतली. इंजिन बंद केलं. सिद्धाप्पा खाली उतरून ओकला.

रफीक मागून आला. चालत, मोटरसायकल ढकलत. डाव्या गुडघ्यावर पँट फाटलेली, आत रक्त. तो कठड्याला घासत थांबला होता.

"ब्रेक मारला नाही म्हणून वाचलो, खाला," तो म्हणाला. मग तो रस्त्याच्या कडेला बसला आणि रुमालानं गुडघा बांधायला लागला.

मेंढरं अजून आतच होती. मी म्हटलं, ओझं आहे तोवर बघून घ्यावं. सिद्धाप्पाला स्टेअरिंगवर बसवून सांगितलं, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, नुसतं हलवत राहा. मी उजव्या चाकामागे वाकून हात आत घातला. जोड एक एक करून चाचपत गेले. ढिला जोड बोटांना कळतो. टाय रॉड घट्ट. डॅम्पर घट्ट. मग हात स्टेअरिंग बॉक्सवर गेला. स्टेअरिंगचा दांडा खाली ज्या लोखंडी डब्यात जातो आणि जिथून चाकांना वळवलं जातं, तो हा डबा. तो चेसिसला, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याला, बोल्टनं घट्ट बांधलेला असतो. त्यानं हलायचंच नसतं.

तो हलत होता. बोल्ट घट्ट होते. त्यांच्या मागचं लोखंडच हलत होतं.

आणि हात बाहेर काढला तर ओला होता. वास घेतला. मेंढीचं मूत.

"सगळ्या गाडीलाच वास हाय की," सिद्धाप्पा म्हणाला.

"मेंढरं मागे बसतात. इथे पुढे कसं आलं?"

मी विचारलं, "घरी गाडी लावतोस कुठं?"

"दारापुढं. उतारावर. बॅटरी म्हातारी झालीया, तोंड खाली करून लावली की नुसतं सोडायचं, चालू हुती."

"मेंढरं भरतोस तेव्हाही?"

"व्हय. पहाटं भरतो, च्या पितो, मग निगतो."

मग कळलं. दर बाजाराच्या दिवशी गाडी नाक खाली करून उभी. मेंढरं आत. मूत उतारानं पुढे येत होतं, सीटखालून, चेसिसवरून, आणि बॉक्स चेसिसच्या ज्या पट्टीला बांधलेला असतो तिच्यामागे साचत होतं. मेंढीचं मूत लोखंड खातं. स्क्रू ड्रायव्हरनं तिथला रंग खरवडला तर पापुद्रे निघाले, काळ्या रंगाचे थरावर थर.

"दर दसऱ्याला रंगवतो की मी," सिद्धाप्पा म्हणाला. "पूजेला गाडी काळीकुट्ट दिसाय पायजे."

रंगाखाली गंज, गंजाखाली चीर. बोल्टच्या भोकापासून निघालेली, बोटभर लांब. गाडी रिकामी असली की चीर मिटलेली असायची, म्हणून रफीकला सापडली नाही. मागे ओझं पडलं की चेसिस वाकायची आणि चीर उघडायची. मेंढरं नाचत नव्हती. सिद्धाप्पा खरं सांगत होता.

गॅरेजपर्यंत मी जीप चालीच्या वेगानं आणली. सिद्धाप्पा म्हणाला, वेल्डिंग मारा, संध्याकाळी नेतो. मी नाही म्हणाले. बॉक्स उतरवायचा, गंजकं लोखंड कापायचं, नवी जाड पट्टी घालायची, दोन्ही बाजूंनी वेल्ड करायचं. घाईत केलं तर पुन्हा तिथेच फाटणार.

"आन् लेक?"

"एसटीनं आण."

"पाहुणे काय म्हनतील? जीप दारात असून लेक एसटीनं?"

"जीप दारात नाही, माझ्याकडे आहे," मी म्हणाले आणि किल्ली पदराला बांधली.

तो मेंढरं दुसऱ्या टेम्पोत घालून चिडून गेला. जाताना महादेवी मागे वळली. "अक्का, किल्ली देऊ नगा. ह्यो रडला तरी देऊ नगा."

काम झाल्यावर हौद्यात वाळूची पोती भरून मीच पुन्हा पुलावर गेले. रफीकला बरोबर घेतलं नाही. लोखंडी सांधा दिसायच्या आधीच माझे हात घट्ट झाले होते आणि मी तोंडानं मोठमोठ्यानं स्वतःला शिव्या देत होते. चाकं सांध्यावरून गेली. स्टेअरिंग हातात राहिलं. परत येताना पुन्हा गेले, तेव्हाही राहिलं. तरी त्या रात्री जेवण गेलं नाही.

सिद्धाप्पाला सांगितलं ते इथेही सांगते. बॅटरी नवी घे आणि गाडी सपाटीवर लाव. रंग देण्याआधी खरवड. आणि गाडी ज्या ओझ्यानं बिघडते, मेकॅनिकला ती त्याच ओझ्यासकट दाखव. रिकामी गाडी सगळ्यांकडे नीटच चालते.

त्या दिवशी पुलावर एक मेंढी चेंगरून मेली. लेक एसटीनं माहेरी आली आणि तिथंच बाळंत झाली, मुलगी आहे. रफीकचा गुडघा थंडीत दुखतो. सिद्धाप्पा, महादेवी, रफीक आणि मी, आम्ही चौघंही जिवंत आहोत.