पाच रंगांच्या चिठ्ठ्या

किल्लीकाकांचा जन्म कुलपं दुरुस्त करण्यात गेला, त्यामुळे कुणावर विश्वास ठेवायची त्यांना सवयच नव्हती. दूधवाल्यावर संशय, जावयावर संशय, दुकानासमोर उगाच घुटमळणाऱ्यावर तर हमखास. बायको तेवढी त्यातून सुटली होती. मग एके दुपारी जेवायला घरी आले, तर खुर्चीला पिवळी चिठ्ठी.

चिठ्ठीवर इंग्रजी अक्षरं होती. काकांचं इंग्रजी किल्लीवरच्या आकड्यांपाशी संपायचं. दाराला पिवळी, कात्रीला पिवळी, आरशाच्या काचेला हिरवी, खुंटीवरच्या किल्ल्यांच्या जुडग्याला तांबडी.

"हे काय?"

"काही नाही, गंमत," म्हणत बायको ताट वाढायला वळली. कुठंतरी पाणी मुरतंय, हे काकांनी ताडलं.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या त्यांच्या फोटोलाच गुलाबी चिठ्ठी लागली. आतून बायको फोनवर लेकीला सांगत होती, "येतेच मी महिनाभरात. यांच्याकडे एवढ्यात काही बोलू नकोस."

झालं. बाई घर मोडून लेकीकडे निघाली. पिवळं न्यायचं, हिरवं विकायचं, तांबडं इथं ठेवायचं. गुलाबीचं काय करायचं याचा मात्र अंदाज लागेना. तिच्याशिवाय या घरात चहाची पूड कुठं असते, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

सरळ विचारायचं सोडून त्यांनी आपल्याला येत होतं ते केलं. बायको बाहेर पडली तसं दाराचं लॅच बदललं.

संध्याकाळी बाहेरून किल्ली खुडखुडली. तिनं ती काढली, फुंकर मारली, पुन्हा घातली. या घरात राहायला आले तेव्हा काकांनीच तिला घडवून दिलेली किल्ली. ऐकवेना, तेव्हा त्यांनी दार उघडलं.

सोबत शेजारच्या मास्तरीणबाई होत्या. चिठ्ठ्या बघून त्या खूश झाल्या. "वा, सगळं बरोबर लावलंय की. पिवळी सामान्यनामं, हिरवी काचेसारखी पदार्थवाचक, जुडगा समूहवाचक. फोटोवर यांचं नाव, म्हणजे विशेषनाम." मग काकांना म्हणाल्या, "नात इंग्रजीच बोलते ना तुमची? सुट्टीत तिकडे जाऊन तिच्याशी बोलायचंय हिला. तुम्ही हसाल म्हणून गुपचूप शिकतेय."

हसलेच होते ते मागे एकदा, चारचौघांत.

मास्तरीणबाई गेल्यावर बायकोनं लॅच निरखून पाहिलं. "अहो, हे बदललंत?"

"जुनं अडकत होतं."

"तुमच्या हातचं, आणि अडकतं?"

तिनं पर्समधून पांढऱ्या चिठ्ठ्या काढल्या. ही भाववाचक नामं, राग, माया, असल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींची. कशाला चिकटवावीत हे तिला इतके दिवस सुचत नव्हतं. त्यातली एक निवडून तिनं नव्या लॅचवर नीट दाबून बसवली.

"काय लिहिलंय?" काकांनी विचारलं.

"तुम्हाला फक्त वाचता येत नाही," ती म्हणाली. "बाकी चांगलं ओळखता तुम्ही ते. दूधवाल्याला विचारा, जावयाला विचारा."

मग आत जाऊन तिनं चहा ठेवला. एकाच कपाचा.