तात्कालिक कारणाला एकच गुण

निवृत्त होईपर्यंत मी नागपूरच्या एका शाळेत इतिहास शिकवला. पहिलं महायुद्ध दरवर्षी सुरू केलं आणि दरवर्षी संपवलं. मुलांना बजावून सांगायची, "आधी मूळ कारणं लिहा. गुप्त करार, लष्करवाद, साम्राज्यवाद, राष्ट्रवाद. युवराजाचा खून सगळ्यात शेवटी. ते तात्कालिक कारण, त्याला गुण एकच." तरी निम्मी मुलं उत्तराची सुरुवात खुनानेच करायची. खून कुणाला आवडत नाही!

२००७च्या नोव्हेंबरात मी सहा महिन्यांसाठी लेकीकडे नोव्हायला गेले. मिशिगनमधलं ते गाव मोटारींच्या धंद्यातल्या इंजिनियरांचं, आणि त्यात आपली माणसं बक्कळ. लेकीच्या समोरच्याच घरात तिची पुण्याची मैत्रीण राहायची. लेक तिकडे नवखी असताना तिला गाडी चालवायला शिकवली ती हिने. नातीच्या जन्माच्या वेळी मला व्हिसा मिळाला नाही, तेव्हा दवाखान्यात रात्रभर बसली तीही हीच. मी तिला दुसरी लेकच मानत आले होते.

या खेपेला मात्र समोरच्या घराचं नाव कोणी काढेना. तिथे अंगणात घर विकायचं असल्याची पाटी लागलेली, आणि माझ्या लेकीने त्या बाजूच्या खिडकीचा पडदा ओढून घेतलेला.

कारण हळूहळू कळलं. मागच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं आमंत्रण लेकीने सगळ्या बायकांना ईमेलने पाठवलं होतं. मैत्रिणीलाही तेच. ती घरचीच, तिला वेगळं काय बोलवायचं, असा लेकीचा विचार. आणि मी घरची, मला तरी फोन येईल, असा तिचा. ती फोनची वाट बघत बसली आणि आली नाही. "नुसता रस्ता ओलांडायचा होता, तेवढंही जमलं नाही," असं म्हणून लेकीने अबोला धरला.

एरवी हे आठ दिवसांत मिटलं असतं. पण तेव्हाच महाराष्ट्र मंडळाची निवडणूक आली. एका बाजूला जुने डॉक्टर नि इंजिनियर, दुसऱ्या बाजूला नवे कंप्युटरवाले. माझे जावई एका गटात, समोरचे गृहस्थ दुसऱ्यात. मंडळ फुटलं आणि भाद्रपदात एकाच गावात दोन सार्वजनिक गणपती बसले. दोन्हीकडे आरती तीच, साबुदाण्याची खिचडीही तीच. दोन्ही घरच्या मुली एकाच बसने शाळेत जायच्या, त्याही लांब लांब बसू लागल्या.

आणि आता समोरच्या गृहस्थांची नोकरी गेली होती. दूर नॉर्थ कॅरोलायनात, कॅरी गावी दुसरी मिळाली होती, जानेवारीच्या अखेरीस ते घर रिकामं होणार होतं. इतक्या वर्षांचा जिव्हाळा एकमेकींचं तोंडही न बघता संपणार, या विचाराने माझा जीव तुटत होता. लेकीला काही म्हणायला जावं तर, "आई, तू यात पडू नकोस प्लीज."

जानेवारीत नातीची परीक्षा आली. विषय, पहिलं महायुद्ध. मला कोण आनंद झाला! स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मी तिळाचे लाडू वळत होते, ती पुस्तक घेऊन समोर बसली. लेक पाठमोरी सिंकपाशी भांडी विसळत होती.

"आजी, फाइट ऑस्ट्रिया आणि सर्बियाची होती ना? मग फ्रान्स मध्ये का आला? दॅट्स सो डंब."

"डंब कसं? समज, तुझी आई ऑस्ट्रिया."

"मग बाबा जर्मनी?"

"जर्मनीच. तो म्हणाला, तू भांड, मी आहे तुझ्या पाठीशी. समोरची मावशी सर्बिया, काका रशिया. त्यांच्या ओळखीचे डॉक्टर फ्रान्स."

"आणि अमेरिका?"

"ती उशिरा आली. नागपूरहून."

नात खदखदून हसली. "मग मर्डर कुठला?"

"हळदीकुंकवाची ईमेल."

सिंकमधलं पाणी वाहत होतं, पण भांड्यांचा आवाज थांबला होता. मी मुद्दामच पुढे बोलत राहिले. सगळ्यांना वाटलं होतं, पोरं नाताळपर्यंत घरी येतील. चार वर्षं लागली. कोणी नमतं घ्यायला तयार नाही, चिखलात समोरासमोर खंदक खणून बसले.

"पण बुकमध्ये लिहिलंय," नात म्हणाली, "पहिल्या ख्रिसमसला काही सोल्जर्स बाहेर आले. शेकहँड केलं, एकमेकांना गिफ्ट्स दिल्या. आजी, पहिला कोण बाहेर आला?"

इतकी वर्षं शिकवलं, पण हा प्रश्न मला एकाही मुलाने विचारला नव्हता.

"मला नाही माहीत ग," मी म्हटलं. "असेल कोणीतरी. भीती त्यालाही वाटलीच असेल."

लेकीने नळ बंद केला. हात पुसले, माझ्यासमोरचे लाडू डब्यात भरले, दारातले जावयांचे बर्फातले बूट पायांत सरकवले आणि कोट न घालताच बाहेर पडली. आम्ही दोघी पडद्याआडून बघत राहिलो. रात्रीचं बर्फ कोणी काढलं नव्हतं, ती गुडघ्यापर्यंत रुतत चालली होती. समोरचं दार उघडलं. डबा पुढे करून ती नुसतीच उभी राहिली.

"दे आर क्रायिंग, आजी."

"रडू देत. पडदा सोड." माझेही डोळे वाहत होते.

थोड्या वेळाने दोघीही आमच्याकडे आल्या. मैत्रीण माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "काकू, एक फोन तर करायचा हिने!"

"आणि तू?" मी म्हटलं. सुंभ जळाला तरी पीळ काही जात नाही!

पुढचे दिवस दोघींनी मिळून तिचं घर खोक्यांत भरलं. मंडळं दोनच राहिली. पण ट्रकमध्ये सोफा चढवायला समोरच्या गृहस्थांना आमची जर्मनीच लागली. नातीने खून शेवटी लिहिला आणि चांगले गुण मिळवले.

मी परतायच्या आधी, चैत्रात, कॅरीहून फोन आला. "शनिवारी चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे. फोन करून बोलावतेय हं! काकूंना घेऊन ये." एवढ्या लांबच्या आमंत्रणाला हो हो म्हणून सोडून द्यायचं असतं. अख्ख्या दिवसाचा रस्ता. लेकीने फोन ठेवला आणि जावयांना म्हणाली, "गाडीचं ऑइल चेक कर."

शनिवारी तिच्या नव्या घरात आंब्याची डाळ होती, पन्हं होतं, अनोळखी बायकांनी बैठक भरली होती. पहिला मान वयाने माझा, म्हणून मी पुढे झाले. मैत्रिणीने हातात कुंकवाची कुयरी धरलेली होती. तिने मला थांबवलं.

"काकू, आज आधी हिला. रस्ता आधी हिने ओलांडला," ती म्हणाली आणि माझ्या लेकीच्या कपाळाला कुंकू लावलं.