पोर दिसला!

स्वातंत्र्यासाठी कोवळ्या वयात फासावर गेलेल्या एका क्रांतिवीराला हिरामावशी ‘आमचा पोर’ म्हणायची. आम्ही हसलो की बोंबील वाळत घालता घालता डोळे वटारायची. “फासावर गेला तवा मिशी पन धड फुटली नवती त्याची. पोर नाय तर काय आजोबा म्हनू?”

त्याची गोष्ट तिला बापाने जाळं विणताना सांगितलेली. आमच्या शिरगावात, दर्याकाठच्या चौकात त्याचा पुतळा व्हावा, हा बापाचा ध्यास. बाप गेला आणि ध्यास मावशीला लागला. मी पुतळा समितीत, म्हणजे माझी काही सुटका नव्हती! अखेर पुतळा आला, तर चौकाकडे जाणाऱ्या गल्लीच्या तोंडाशीच क्रेन अडकली. कंत्राटदार म्हणाला, “बोईसरच्या नाक्यावर उभा करू.”

मावशीने पदर खोचला. “नाक्यावर? ट्रकांचा धूर खायला? एवड्या होड्या ओडतो आमी, ह्यो पोर काय जड हाय?”

बघता बघता कोळीवाडा गोळा झाला. खाली ओंडके, पुढे दोरखंड. मावशीने हाक द्यायची आणि सगळ्यांनी “होईस्सा!” करून ओढायचं. पुतळा चौकात आला, फळ्यांच्या उतारावरून चौथऱ्यावर चढला. सिमेंट भरलं, ते वाळलंही. आणि मंडप घालताना मी कपाळावर हात मारला. होडी किनाऱ्याला लावली की तिचं तोंड दर्याकडे ठेवायची आमची रीत. सवयीने आम्ही पोरालाही तसाच उभा केला होता. पाहुणे रस्त्याकडून येणार आणि त्यांना दिसणार वीराची पाठ!

“उखडावा लागेल,” कंत्राटदार म्हणाला. “मग नाक्यावरच नेऊ.”

मावशीचा चेहरा उतरला. चौथऱ्याला हात लावून ती जरा वेळ दर्याकडे बघत राहिली, आणि एकदम कडाडली, “पोर नाय फिरनार. मंडप फिरवा! दर्यावरून येनाऱ्याला पयला आपला मानूस दिसला पायजे.”

फिरवला की हो मंडप! पाहुणे वाळत्या बोंबलांच्या बांबूच्या वलांडीखालून वाकून, हसत पलीकडे आले. पडदा सरकला तेव्हा बंदरातल्या झाडून सगळ्या बोटींनी भोंगे दिले. मावशी रडत होती आणि टाळ्याही वाजवत होती. “बाबा, आनला रे तुजा पोर!”

आज मावशी नाही. पण मासेमारी करून परतणाऱ्या बोटीवर आता कोणी ‘गाव आलं’ म्हणत नाही. किनारा नजरेत आला की बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळीवर उभा असलेला माणूस ओरडतो, “पोर दिसला!”